समुद्रपूरचे घर बोर्डिंगला न देण्याबाबत

मी, खाली सही करणार बायजाबाई, भ्रतार कै. पुनाजी पेंदाम, जात गोंड, वय पासष्टच्या आसपास, धंदा पूर्वी आयेचा व सध्या दोन बकऱ्या राखण्याचा, राहणार समुद्रपूर, तहसील हिंगणघाट, जिल्हा वर्धा, मध्यप्रदेश, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही. गोड बोलून गळ घालायला एक जण आले होते, त्यांना मी घराबाहेर काढले. त्याची हकीकत पुढे येईल.

हिंगणघाटचे वकील म्हणाले, "बाई, एवढं लिहायची गरज नाही, एका पानात होते." त्यांचे होत असेल. माझे होत नाही. मला लिहिता येते, शाई माझी आहे, तेव्हा वकिलांनी फक्त शेवटी शिक्का कुठे मारायचा ते सांगावे.

कलम पहिले. माझे समुद्रपूरचे घर, दोन खोल्या, मागची पडवी आणि अंगणातल्या बोरीच्या झाडासह, मी मिशनच्या बोर्डिंगला देणार असल्याची बातमी गावात पसरली आहे. ती साफ खोटी आहे. मी असे जागेपणी बोललेले नाही आणि झोपेत मी बोलत नाही. बातमी मिशनच्या रॉबर्ट साहेबांनी पसरवली. म्हातारी आपल्यातलीच, आयुष्यभर आपले मीठ खाल्ले, ती नाही कशी म्हणेल, असे त्यांना वाटले. मी त्यांच्यातली नाही. बाप्तिस्मा घेतलेला नाही. मीठ खाल्ले ते कपडे धुऊन खाल्ले.

आता हे घर कसे झाले ते लिहिते, म्हणजे पुढची कलमे समजतील.

माझा नवरा पुनाजी मिशनच्या बंगल्यावर माळी होता. तो पटकीने गेला तेव्हा मी पंचविशीच्या आत होते आणि मूलबाळ नव्हते. बंगल्यातल्या मडमेने मला आपल्या मुलावर आया ठेवले आणि रिकाम्या वेळात बाळबोध अक्षरे शिकवली. त्याबद्दल तिचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर त्याला दक्षिणेकडच्या डोंगरावर, मिशनरी लोकांच्या मुलांच्या बोर्डिंगात पाठवले आणि सोबत मला पाठवले. तो पुढे विलायतेला गेला. मी मात्र तिथेच राहिले, सत्तावीस वर्षे. तिथल्या लोकांची भाषा मला येत नव्हती. माझी भाषा येत होती फक्त आमच्या भागातून आलेल्या गोऱ्या लेकरांना, कारण ती इथल्याच आयांच्या कडेवर वाढलेली. सोनेरी केसांची, शेंबूड पुसत मला विचारायची, "बायजा, माही माय कवा येते?"

हे शाळेच्या मोठ्या मॅडमने ऐकले की ती लेकराच्या तोंडात साबण घालायची. बाजारी भाषा धुऊन निघावी म्हणून. साबण कपडे धुण्याचा, पिवळा. मी तो चाखून पाहिला आहे. त्यानंतर त्या शाळेत देवाच्या प्रेमाविषयी जे जे गायले गेले त्याचा मला वीट आला.

लेकरू आणून सोडायची तिथे एक रीत होती. आईबापांनी निरोप घ्यायचा नाही. निरोप घेतला की रडारड होते, आणि रडारड झाली की आईबापांचे मन सेवेवरून उडते. म्हणून मॅडम लेकराचा हात धरून म्हणायची, चल, तुला ससे दाखवते. शाळेच्या मागे पिंजऱ्यात ससे होते. लेकरू ससे बघत असताना पुढून मोटार निघून जायची. परत आल्यावर ते आधी खोल्यांतून, मग व्हरांड्यातून, मग फाटकापर्यंत धावायचे. फाटकाशी उचलायला मी असायची. ज्याने ही रीत काढली त्याने बायबल पुष्कळ वाचले असेल, पण लेकरू कधी मांडीवर घेतले नसेल.

दुसरी रीत आम्हा आयांसाठी होती. नाताळाच्या सुटीत मुलांना आगगाडीने घरी न्यायचो. वर्धा स्टेशनावर आईबाप घ्यायला यायचे. तेव्हा आयांनी नजरेआड राहायचे असा हुकूम होता. कारण आधी एका वर्षी एक मुलगी आईला बघून किंचाळली आणि आयेच्या लुगड्यात शिरली. आईला वाईट वाटले, म्हणून हुकूम निघाला. लेकराला काय वाटले त्याचा हुकूम निघाला नाही. तर मी दरवर्षी सामानाच्या डब्यात, ट्रंकांच्या मागे बसून राहायची आणि सगळे गेले की पलीकडच्या बाजूने रुळांवर उतरून घरची वाट धरायची.

रॉबर्ट साहेब त्यातलेच. तेव्हा रॉबी. पहिल्या वर्षी टोपीवाल्या आईने हात पुढे केले तर हा मागे फिरला आणि गाडीच्या एकेका खिडकीशी जाऊन "बायजा! बायजा!" ओरडू लागला. बापाने उचलला तर बापाला चावला. मी फटीतून बघत होते आणि तोंडावर पदर दाबून धरला होता. दुसऱ्या वर्षी तो शहाण्यासारखा खाली उतरला आणि त्याने आईशी हात मिळवला, नव्या पाहुण्याशी मिळवतात तसा. सात वर्षांचे पोर. आईबाप खूश झाले. किती सुधारला म्हणाले. मला त्या ट्रंकांच्या मागे ओकारी आली, ती मी तिथेच कोणाच्या तरी पेटीवर काढली आणि पुसली नाही.

सत्तावीस वर्षांच्या साठवलेल्या पगारातून मी समुद्रपूरला हे घर बांधले. नोकरी सोडताना शाळेने मला चौकटीत एक कागद दिला. त्यावर इंग्रजीत लिहिले आहे की ही बाई शेकडो मुलांना आईसारखी होती. शेकडो मुलांना आई नव्हती काय? होती. दोनशे कोसांवर दुसऱ्यांच्या लेकरांना प्रभूची गाणी शिकवत होती.

कलम दुसरे. सदर चौकट माझ्या भाच्याची बायको धुरपता हिने घ्यावी, काच चांगली आहे. आतला कागद चुलीत घालावा.

कलम तिसरे. हे मृत्युपत्र मी आताच का लिहिते याचे कारण. गेल्या महिन्यात रॉबर्ट साहेब जीप घेऊन आले. ते आता इथल्या मिशनचे मुख्य आहेत. सोबत त्यांची मुलगी मेगी होती, सहा वर्षांची. साहेब माझ्या बाजेवर बसले. वऱ्हाडी अजून अशी बोलतात की पाठ फिरवली तर कोणी गोरा म्हणणार नाही. त्या तोंडातून साबणाने काहीच गेले नाही.

म्हणाले, "बायजा, मेगीले पुढच्या महिन्यात वरते डोंगरावर पाठवून राह्यलो. तू संगं चाल. दोन-चार महिने, तिले सवय होयेपर्यंत."

मी म्हटले, "काऊन पाठवतं? इथं तिची माय हाय ना?"

"शिक्षणासाठी. मी नाई काय शिकलो? माहं काय वाईट झालं?"

पुढे म्हणाले, माझा भाचा जंगू याची पोरगी जिजा हिलाही ते आपल्या नागपूरच्या वाटेवरच्या बोर्डिंगात घेतात, फुकट. गोऱ्या लेकरांना डोंगर आणि आमच्यांना टिनाचे छप्पर, पण आईपासून तोडायचे वय दोघांचे एकच. आणि माझे घर मिळाले तर समुद्रपूरलाही तसेच एक बोर्डिंग काढता येईल, माझ्या नावाची पाटी लावून.

मग जरा चाचरले. "नाताळात आम्ही स्टेशनावर येऊ, तवा तू जराशी मांगं राह्यजो. तुले त माहीत हाय. पोरगी आधी मायजवळ आली पाह्यजे."

मी विचारले, "मी मांगं राहत होती हे तुले कोनं सांगतलं?"

"मोठा झाल्यावर मॅडमनं सांगतलं. चांगलंच केलं तुम्ही. नाई त मी मायजवळ गेलोच नसतो."

या माणसाला मी न्हाऊमाखू घातले आहे. त्याच्या ओल्या चादरी कोणाला कळायच्या आत धुतल्या आहेत. चांगलंच केलं म्हणे.

मेगी अंगणात माझ्या बकरीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने तिथूनच विचारले, "बाबा, तिथं बकरी हाय काय?"

साहेब हसून म्हणाले, "बकरी नाई. पन ससे हायेत. लय ससे हायेत."

तेव्हा मी उठले आणि म्हटले, "रॉबी, चाय ठेव खाली. नीघ माह्या घरातून." ते समजले नाहीत. खरोखर समजले नाहीत, म्हाताऱ्या माणसाचे डोके फिरले असे तोंड करून टोपी घालून गेले. अडाणी माणसाने हे केले असते तर मी समजावले असते. हा स्वतः फाटकापर्यंत धावलेला आहे. मला त्याची किळस आली, आणि ज्या माणसाला आपण वाढवले त्याची किळस येणे ही फार वाईट गोष्ट आहे. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

कलम चौथे. घर. जंगू मडावी हा माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. मनाने वाईट नाही, पण साहेबाने खांद्यावर हात ठेवला की विरघळतो. साहेबांनी त्याला बोर्डिंगात चौकीदारी कबूल केली आहे, म्हणून तो दोन महिने पोरीच्या भविष्याविषयी बोलतो आहे. पोरगी जिजा सहा वर्षांची आहे, हुशार आहे, इथल्या शाळेत श्रीनिवास गुरुजींकडे जाते आणि संध्याकाळी घरी येऊन आईला दिवसभराचे सगळे सांगते. मी शिक्षणाच्या विरुद्ध नाही. संध्याकाळी लेकराने कोणाला सांगायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून हे घर मी जंगूला देत नाही. त्याची बायको धुरपता हिला देते, तिच्या एकटीच्या नावे. अट अशी की जिजा मोठी होऊन स्वतःच्या तोंडाने जाते म्हणेपर्यंत तिने आईजवळ निजावे. तिला कोणत्याही बोर्डिंगात, फुकट असो वा पैशाचे, पाठवल्यास घर धुरपताकडून काढून जनपद सभेच्या कोंडवाड्याला द्यावे. लेकरे कोंडण्यापेक्षा गुरे कोंडलेली बरी. गुरांना निदान धनी सोडवायला येतो.

कलम पाचवे. पोस्टात थोडे पैसे आहेत. त्यातून माझ्या मातीचा आणि जेवणाचा खर्च करावा, उरेल ते जिजाच्या पाटी-पुस्तकांना. दोन्ही बकऱ्या आणि पिल्लू शेजारच्या भाऊजी कुमरेला द्यावे, तो माझे पाणी भरतो. तांब्याचे घंगाळ धुरपताला. डोंगरावरचा लोकरी कोट कोणी घेईल त्याला. ताराचंद दुकानदार मला माघारी मडमीण म्हणतो आणि समोर मापात मारतो, त्याला काही नाही. नानाजीने माझ्या कुंपणाचे काटे दरसाल हातभर आत सरकवले, तेवढी जागा त्याने आधीच घेतली आहे, तीच त्याला पुरे.

कलम सहावे. मला आमच्या रीतीने पुरावे. घंटा, गाणी, काळा झगा काही नको. रॉबर्ट साहेब आले तर त्यांना हाकलू नये, पण पुढे येऊ देऊ नये. बैलगाडीच्या मागे उभे करावे, जिथून त्यांना सगळे दिसेल आणि ते कोणाला दिसणार नाहीत. चांगलंच केलं असे त्यांना तेव्हा वाटते का, ते त्यांनी आपल्या देवाला सांगावे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर आज सकाळी मी जंगू आणि धुरपता यांना बोलावले. श्रीनिवास गुरुजींनी साक्षीदारांसमोर सर्व वाचून दाखवले. पुढे झाले ते याच कागदावर लिहिते, कारण त्यामुळे कलम चौथे बदलले आहे.

जंगूने विचारले, "म्हंजे आत्या, पोरगी घरी ठेवली त घर आमचं?"

मी म्हटले, "धुरपताचं. हो."

"मंग ठेवतो."

एका श्वासात. दोन महिन्यांचे भविष्य दोन खोल्यांत मिटले. साहेबाने चौकीदारी दाखवली तेव्हा पोरगी तिकडे, मी घर दाखवले तेव्हा इकडे. मला जिंकल्यासारखे वाटले नाही. मला शिसारी आली, त्याची आणि थोडी माझीही, कारण भाव मीच वाढवून दिला होता.

धुरपता दाराशी बसली होती. या दोन महिन्यांत ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, आणि मी समजले होते की तिलाही कबूल आहे. ती म्हणाली, "आत्याबाई, घराचं राहू द्या. मी त तशीबी नसती पाठवली."

जंगू म्हणाला, "तुले कोनं इचारलं?"

"कोनंच नाई इचारलं. म्हनून नाई बोलली. पन जीप आली असती त मी चाकापुढं निजली असती, पोरीले घेऊन. मंग कसी नेली असती साहेबानं?"

एवढे बोलून ती पदर सावरून बसून राहिली. गुरुजींनी चष्मा काढला.

सत्तावीस वर्षे मी शिकलेल्या, देवभोळ्या मडमा पाहिल्या, ज्यांनी मोटारीतून मागे वळून पाहिले नाही. चाकापुढे निजणारी बाई मी आज पाहिली, आणि तिलाच मी कोंडवाड्याचा धाक घालत होते. तेव्हा कलम चौथ्यातली अट मी माझ्या हाताने खोडली आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. घर धुरपताचे, बिनअट. जंगूला त्यात राहायचे असल्यास त्याने तिला विचारून राहावे.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, खोडाखोडीसह कायम केले. ठिकाण समुद्रपूर, तारीख ७ जून १९५५.

सही: बायजाबाई पुनाजी पेंदाम

साक्षीदार:
१. श्रीनिवास केशव देशकर, शिक्षक, समुद्रपूर. मजकूर मी वाचून दाखवला. अट बाईंनी आमच्यासमोर खोडली.
२. भाऊजी लहानू कुमरे, मजूर, समुद्रपूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. बकऱ्यांचे कलम आपल्याला नको, बाईने जगावे, असे याने लिहायला सांगितले, म्हणून लिहिले.