शेवटची दोन रिळं

मी, खाली सही करणार, जन्मभर सिनेमाच्या केबिनमध्ये एक नंबरच्या मशीनवर उभा राहिलेला ऑपरेटर, आता निवृत्त, विधुर आणि निपुत्रिक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मशीनच्या आवाजाने डावा कान गेला आहे, पण मृत्युपत्र कानाने लिहायचं नसतं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. खरं तर दबाव आणायला घरी कोणी येतच नाही. हे वाक्य वकीलसाहेबांनी खोडायला सांगितलं होतं. "भावनिक मजकूर नको, काका," म्हणाले. मी ते ठेवलं आहे.

कलम १. माझ्यामागे या कागदाची अंमलबजावणी माझ्या भाचीने, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीने करावी. ती लांब राहते. फोन करते, "मामा, जेवलात का?" विचारते, आणि मी उत्तर द्यायच्या आत तिच्या घरात काहीतरी सांडतं किंवा कोणीतरी रडतं. तिच्यावर माझा बिलकुल राग नाही. भरल्या घरात असंच असायचं.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरेल ते भाचीने घ्यावं. माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावू नये. माझा एकच फोटो आहे आणि त्यातही अर्धा मी मशीनच्या मागे आहे.

कलम ३. हत्यारं. फिल्म जोडायचं यंत्र, रीळ गुंडाळायचं हाताचं चाक, भिंगं पुसायचा मऊ ब्रश आणि पोलादी कात्री एवढी माझी जंगम मालमत्ता. हल्ली सिनेमा डब्यातून येत नाही, त्यामुळे पहिल्या तीन वस्तूंचं काय करायचं ते भाचीने ठरवावं. भंगारात दिल्या तरी मी तक्रार करायला येणार नाही. कात्री खाली दुकान असलेल्या टेलरला द्यायची, असं मी आधी लिहिलं होतं. त्याचा तिच्यावर फार दिवसांपासून डोळा आहे. पण टेलर या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार आहे, आणि वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळणार आहे, त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही. एकतर घ्यायचं, नाहीतर साक्ष द्यायची." म्हणून कात्री मी कालच त्याच्या हातात ठेवली. त्याने लगेच माझ्यासमोर अस्तराचं कापड कापून बघितलं.

कलम ४. ज्यांना काहीही मिळू नये अशी माणसं. वकीलसाहेबांच्या मते असं कलम नसतं. माझ्या मते असायला हवं.

थिएटरचा मालक, कारण जादा खेळ बसवायचा म्हणून त्याने माझ्याकडून चांगल्या सिनेमांची गाणी कापून घेतली आणि लोकांनी आरडाओरडा केला की बोट केबिनकडे दाखवलं. पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त खुर्च्यांतून, वर आलेल्या शिव्या सगळ्या ऑपरेटरच्याच खात्यात जमा होतात. दुसरा, बदलीवर येणारा तो चहाबाज. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळत असतात, त्यांच्या ठिणगीचाच तो उजेड, आणि त्या जळत जातील तशा पुढे सरकवत राहाव्या लागतात. हा गडी मशीन लावून खाली टपरीवर. पडदा आधी पिवळा, मग तांबूस, मग नायिका अंधारात एकटीच बोलते आहे. डोअरकीपर धावत जाऊन याला बोलावतो, तर हा म्हणतो, "कप तर संपवू दे." तिसरा, ज्याला आम्ही कलेक्टर म्हणायचो. नट्यांची चित्रं जमवायला तो चालू सिनेमाच्या फिल्ममधले तुकडे कापायचा. नायिका दारातून आत यायला निघायची आणि एकदम पलंगावर बसलेली दिसायची. लोकांना वाटायचं दिग्दर्शक फार हुशार आहे.

या तिघांवर मी पुष्कळ रागावलो आणि घरी जाऊन जेवलो. ज्याच्यावर रागावून मला जेवण गेलं नाही तो यांच्यात नाही. त्याच्यासाठी पुढचं कलम आहे.

कलम ५. माझं राहतं घर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि जिन्याकडची गॅलरी, ही स्थावर मिळकत मी दोन नंबरला देत आहे.

दोन नंबर म्हणजे केबिनमध्ये माझ्या शेजारच्या, दुसऱ्या मशीनवरचा ऑपरेटर. नात्याने माझा कोणी नाही. एका सिनेमाची बरीच रिळं असतात. एक माझ्या मशीनवर संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो आणि त्याने पुढचं सुरू करायचं, त्याचं संपलं की मी. आम्ही हे इतकं बेमालूम करायचो की खाली बसलेल्या माणसाला दोन मशीनं आहेत हे ठाऊकही नसायचं. एका डब्यातलं दोघं खायचो. त्याच्याइतका हसरा आणि त्याच्याइतका विसरभोळा माणूस मी पाहिला नाही. त्याच्या विसरभोळेपणावर मी पांघरूण घालायचो आणि मला त्यात जड काही वाटत नसे.

माझ्या बायकोला सिनेमाचं वेड. नवा सिनेमा लागला की ती बाल्कनीत, भिंतीकडच्या खुर्चीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "यजमान नाही आले?" तर सांगायची, "आलेत ना, मागे आहेत." आमच्या संसारात आम्ही शेकडो सिनेमे असे एकत्र पाहिले, ती पुढे आणि मी मागे. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो.

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं ते तिला न सांगताच कळलं. एक दिवस म्हणाली, "नवा सिनेमा लागलाय ना? मला न्या. पण तुम्ही वर जायचं नाही, माझ्याजवळ बसायचं." मी सुट्टी टाकली. दोन नंबर म्हणाला, "वहिनींना घेऊन निवांत बस. दोन्ही मशीनं मी बघतो." दुपारचा खेळ होता. नवरा-बायकोच्या भांडणाचा, साधाच सिनेमा. तिने माझा हात धरून ठेवला होता. मला हात कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, कारण पडद्यासमोर मला हात रिकामा ठेवायची सवय नव्हती.

शेवटून दुसऱ्या रिळात ती बायको पेटी भरून घर सोडते. शेवटच्या रिळात परत येते, दोघं दारात उभी राहून रडतात आणि 'समाप्त' अशी पाटी येते. मी आदल्या आठवड्यात हे रोज पाहिलं होतं. त्या दिवशी ती घर सोडायच्या आधीच परत आली. सकाळच्या खेळानंतर रिळं गुंडाळून डब्यात ठेवताना दोन नंबरने या दोन डब्यांची अदलाबदल केली होती. खरं तर रिळाच्या तोंडाशी कोऱ्या पट्टीवर नंबर लिहिलेला असतो. तो वाचायचा आणि मगच रीळ मशीनवर चढवायचं. डब्याचा नंबर बघून चढवतो तो ऑपरेटर नव्हे. 'समाप्त' आलं, दिवे लागले, निम्मे लोक उठून गेले. तेवढ्यावर तरी थांबावं! पण रीळ उरलं म्हणून याने घाबरून दिवे घालवले आणि उरलेलंही लावलं. मी वर धावायला उठलो. तिने हात सोडला नाही. "बसा हो," म्हणाली. "आज तुमची सुट्टी आहे."

मी बसलो. पडद्यावर त्या बाईने पेटी भरली, जिना उतरली, रस्त्याने चालत गेली, आणि पडदा पांढरा झाला. खालून शिट्ट्या आल्या. घरी येताना ही म्हणाली, "गेली शेवटी बिचारी."

मी म्हणालो, "अगं नाही, ती परत येते. रिळं पुढेमागे झाली."

"आली होती की परत. पुन्हा गेली. मी डोळ्यांनी बघितलं ना."

मी तिला पुष्कळ समजावलं. दुसऱ्या दिवशीही समजावलं. ती नुसती हसायची. पुढच्या महिन्यात ती गेली, आणि त्या बाईला शेवटी कोणी थांबवलं नाही याच समजुतीने गेली. आमच्या आयुष्यातला शेजारी बसून पाहिलेला एकुलता एक सिनेमा असा झाला. याचं मला काय वाटलं ते कलमांच्या भाषेत लिहिता येत नाही.

ती गेल्यावर दोन नंबर दारापर्यंत आला होता. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, वळलो नाही. तो जिना उतरून गेला तो परत चढला नाही. त्यानंतर थिएटर बंद पडेपर्यंत आम्ही त्याच केबिनमध्ये, हाताच्या अंतरावर, एक अक्षर न बोलता काम केलं. मशीनच्या पत्र्यावर पान्याने टकटक केलं की तयार राहायचं, पुन्हा केलं की पुढचं रीळ सोडायचं. एकही बदल चुकला नाही. शेवटच्या दिवशी तो पुढच्या दाराने गेला, मी मागच्या.

तो आता पुतण्याच्या घरी जिन्याखाली झोपतो अशी बातमी टेलरने आणली. हे घर त्याला देण्याचं ते एक कारण. त्याला मी माफ केलं असा याचा अर्थ कोणी काढू नये. दुसरं कारण असं की, मी एकटा आहे. सकाळी दूधवाल्याशी बोलतो, त्यानंतर दिवसभर माझा आवाज मला ऐकू येत नाही. तो जिवंत असताना आणि मी जिवंत असताना त्याने एकदा हा जिना चढावा, एवढंच मला हवं आहे. पण त्याला बोलवायला माझी जीभ रेटत नाही. निदान मी गेल्यावर तरी त्याला चढणं भाग पडावं, अशी ही तजवीज आहे.

कलम ६. साक्षीदार. पहिला टेलर. दुसरा कोणी सुचत नाही. जी माणसं माझी होती ती माझ्या आधी गेली. वकीलसाहेब त्यांच्या कारकुनाची सही देतो म्हणाले. तो रोज कोणाकोणाची ओळख पटवतो. नाइलाजाने त्याला घ्यावं.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली.

टेलरच्या पोटात काही राहत नाही. आज वकीलसाहेब, कारकून आणि टेलर असे तिघं जमले असताना जिन्यावर धापा ऐकू आल्या आणि दोन नंबर दारात उभा राहिला. केस पांढरे झाले आहेत. शर्टाचं बटण पूर्वीसारखंच चुकीच्या काजात होतं.

"मला घर देतोयस म्हणे?" इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे.

"बस," मी म्हणालो.

"बसायला नाही आलो. कशाला देतोयस?"

"जिन्याखाली झोपतोस म्हणून."

"झोपतो. मला झोप लागते तिथे. तुला लागते का इथे?"

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "त्या दिवशी काय झालं होतं?"

"काही नाही. डबे बदलले."

"एवढंच?"

"एवढंच. काही कारण असतं तर तेव्हाच सांगितलं नसतं का? दारापर्यंत आलो होतो. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून परत गेलो."

मी एवढी वर्षं त्याच्या नावावर काय काय लावलं होतं. तो प्यायला असेल, पत्ते खेळत असेल, माझ्या सुट्टीवर जळला असेल. त्यातलं काहीच नव्हतं. मला आधी हसू आलं, मग रडू आलं. वकीलसाहेब घड्याळ बघू लागले.

कारकून पेन उघडून पुढे सरकला तेव्हा दोन नंबरने विचारलं, "हा कोण?"

"दुसरा साक्षीदार," वकीलसाहेब म्हणाले.

"हा ओळखतो याला?" असं म्हणून त्याने कारकुनाच्या हातातून पेन घेतलं. "मी करतो सही."

"आजोबा, थांबा. सही केलीत तर घर सोडावं लागेल. दोन्ही मिळणार नाही."

"घर मला कधी मिळणार?"

"हे गेल्यावर."

"मग काय करू त्या घराचं? हा गेल्यावर इथे बसून भिंतीशी बोलू?"

वकीलसाहेबांनी त्याला ते पुन्हा समजावलं. त्याने पेन सोडलं नाही. सबब कलम ५ मधली देणगी मी रद्द करत आहे. घर भाचीला जावं. कलम ६ मध्ये कारकुनाच्या जागी दोन नंबर वाचावं. बाकीचं लिहिलेलं तसंच राहू द्यावं, कारण ते खरं आहे. हे लिहीत असताना तो समोर बसला आहे आणि वाचत नसल्यासारखं दाखवून उलट्या बाजूने सगळं वाचतो आहे. मी त्याला आत्ताच म्हणालो, राहायलाच ये. तो म्हणाला, "आधी सही कर."

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती.

मृत्युपत्र करणार: (सही) एक नंबर मशीनचा ऑपरेटर

साक्षीदार पहिला: (सही) टेलर, तळमजला. मी यांना वीसेक वर्षं ओळखतो. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) दोन नंबर मशीनचा ऑपरेटर. याने माझ्यासमोर सही केली. हट्टी आहे, पण शुद्धीवर आहे. या कागदातून मला काही मिळणार नाही हे वकिलांनी दोनदा सांगितलं आणि ते मला समजलं आहे. उद्या येतो.