मोटारीत टँकर सोडल्याबाबत

चौसाळा,
बुधवार, दि. ६ एप्रिल २०१६

चि. सुंदरराव यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

काल मंगळवारी, दि. ५ एप्रिल रोजी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या लग्नाच्या बायकोने माझ्या मोटारीत टँकरचा पाइप सोडला. हे आधी लिहून टाकते, कारण कुशल विचारण्यात पान भरलं की तक्रार मवाळ होते, हा सहकार खात्यात जन्मभर ऑडिट केल्याचा माझा अनुभव आहे. आता कुशल. तुझं पित्त कसं आहे? मुंबईत आमदार निवासात म्हणे नळाला चोवीस तास पाणी असतं, तेव्हा अंघोळ रोज होत असणार आणि प्रकृती उत्तम असणारच. आम्हीही बरे आहोत. (मी दिवसाआड बरी असते. टँकर दिवसाआड येतो.) अक्का फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी कामाचं बोलू लागले की तुझी रेंज जाते. शिवाय हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की रागावायचं असेल तर पूर्ण वाक्यात रागवावं आणि वाक्य संपलं की टिंब द्यावं. फोनवर टिंब देता येत नाही. म्हणून तुझ्या कारखान्याचा क्लार्क उत्तरेश्वर हे पाकीट उद्या, गुरुवारी, रात्रीच्या गाडीने घेऊन येतो आहे. वाचू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे, म्हणजे नगर येईपर्यंत त्याचं वाचून झालेलं असेल.

मोटारीचा इतिहास तुला ठाऊक आहे, पण तू तो सोयीने विसरतोस. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर, नवी नोकरी लागलेली असताना, हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून मी ती घेतली. लाल, उघडी, दोन माणसांची, विलायती. तिच्यातून मी जिल्ह्यातल्या सोसायट्या तपासत हिंडले. लांबून धुरळा दिसला की सेक्रेटरी ओळखत, आणि मी पोचेपर्यंत त्यांना ताप भरलेला असे. निवृत्त झाल्यावर ‘सुरक्षित राहील’ म्हणून तू ती नेऊन सोसायटीच्या खताच्या गोदामात लावलीस. (तू तेव्हा नुकताच चेअरमन झाला होतास आणि तुझ्या हातात दुसरी कुठली इमारत नव्हती.) खत हवेतली ओल ओढून घेतं आणि शेजारच्या लोखंडाला पाजतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला हवं होतं का? ज्या जिल्ह्यात माणसाला पाणी मिळत नाही, त्या जिल्ह्यात माझी मोटार गंजून गेली. हा पराक्रम तुझ्याच नावावर राहील.

मग या जानेवारीत तुला तिची आठवण आली. माझी नव्हे, तिची. राधाकिशनचं लग्न ठरलं, धर्मापुरीची सोयरीक झाली, आणि माझ्या भाच्याची वरात अठ्ठावीस एप्रिलला उघड्या लाल मोटारीतून निघावी असं तुझ्या मनाने घेतलं. गोदामातून गाडी ओढून काढली तेव्हा बूड गोदामातच राहिलं. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची लांब पोकळ पेटी असते, अशा दोन. छप्पर असलेल्या गाडीला छपराचा आधार मिळतो. उघड्या गाडीला या दोन पेट्यांवाचून कणा नाही. माझ्या मोटारीच्या पेटीत मी बोट घातलं तर ते पलीकडून बाहेर आलं, बोटावर पोटॅश घेऊन.

इथे मला नाइलाजाने तुझं कौतुक करावं लागतं, कारण बंकटला पाठवलंस ते तूच. यंदा ऊस नाही, कारखान्याची चिमणी थंड, आणि वर्कशॉप पाण्याचे टँकर बांधण्यात गुंतलेलं, त्यातून तू तुझा सगळ्यात चांगला वेल्डर माझ्या दारात आणून सोडलास. (तो सगळ्यात चांगला आहे हे त्यानेच मला सांगितलं, आल्या आल्या, पाणी पिण्याआधी. “अक्का, माजं वेल्डिंग गळलं तर ही मिशी काढून तुमच्या हातात देतो.” ती मिशी घेऊन मी काय करणार होते, हे त्याने सांगितलं नाही.) मी माणसं पारखून आयुष्य काढलं आहे आणि बढाईखोर माणूस मला सोसत नाही. पण बढाई मारून पुन्हा तसंच काम करून दाखवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. गंजलेलं कापायच्या आधी त्याने उसाच्या मोडक्या गाडीचे अँगल आणून दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे वेल्ड केले. “आधी टेकू, मग काप. न्हाईतर मदूनच बसंल ही बया.” मग एकच बाजू कापली. ती पुरी झाल्यावर दुसरी. नव्या पेट्यांचा साचा काढायला जाड कागद हवा होता, तेव्हा कारखान्याची भिंतीवरची कॅलेंडरं कामी आली. त्यांच्यावर तुझा हसरा फोटो आहे. डावी पेटी तुझ्या नाकावर दुमडली आहे आणि उजवी तुझ्या फेट्यावर. कॅलेंडरचा इतका उपयोग आजवर कुणाला झाला नसेल.

पेटीचा आतला पत्रा, मधला पत्रा, बाहेरचा पत्रा, सगळे जागेवर बसल्यावर त्याने जे केलं ते बघायला अर्धी गल्ली जमली होती. टँकर बांधणाऱ्याची रीत अशी, की पाणी भरून पाहिल्याशिवाय माल दारातून सोडायचा नाही. त्याने चारही चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल केली आणि खालच्या विहिरीचं उरलंसुरलं गढूळ पाणी आणून आत ओतलं. सीटा काढलेल्याच होत्या. मधल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना जनावरांच्या डोण्या भराव्यात तशी ती भरली. पाणी पुढे आणि मागे एकाच वेळी काठाला लागलं, कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही. मग, ते सगळं वजन पोटात असताना, त्याने आधाराचे अँगल कापले. मी श्वास धरला होता. (तू कधी मला श्वास धरलेलं पाहिलं आहेस का? तुझ्यावरच्या अविश्वासाच्या ठरावाच्या दिवशीसुद्धा नाही.) मोटार जागची हलली नाही. बंकट दार उघडून पुन्हा लावून म्हणाला, “ऐका.” आवाज आला तो नव्या कपाटासारखा. मी त्याला तिथल्या तिथे ‘अ’ वर्ग दिला. माझ्या उभ्या नोकरीत ‘अ’ वर्ग मिळालेल्या संस्था एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तुझी त्यांत नाही.

एक खोट मात्र राहिली, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. या गाडीच्या बुडाला कारखानदाराने मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, पावसात आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. बंकटने ती सगळी वेल्ड करून बंद केली. “इंग्रजाला पत्रा लई झकास जमतो, पर भोकं कावून ठेवली काय की. म्या समदी बुजवली.” मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “अक्का, पाऊस कुटं हाय?” आणि हे सगळं तुझी बायको मुक्ताबाई ओट्यावर उभी राहून बघत होती.

आता गुन्ह्याकडे येते. तुला माहीत नसेल (तू चेअरमन आहेस, तुला कसं माहीत असणार?) म्हणून सांगते. यंदा उसावर गेलेली माणसं हंगाम अर्ध्यात मोडला म्हणून फेब्रुवारीतच परत आली. माणसं मोजून टँकरच्या खेपा ठरल्या तेव्हा मात्र त्यांच्या दारांना कुलपं होती, म्हणून आमच्या गल्लीला एकच खेप. तीही गल्लीच्या तोंडाशी, कारण टँकर आत वळत नाही. घागरी, टिपाडं, पातेली, बाळाचा टब, लोक जे हाताला लागेल ते भरतात. भांडी संपतात, टँकरमध्ये पाणी उरतं, आणि ड्रायव्हर शहादेव उरलेलं पाणी घेऊन पुढे जातो, कारण त्याला पुढची गावं आहेत. काल असंच झालं. शहादेवने पाइप गुंडाळायला घेतला, तेव्हा मुक्ताबाईने पदर खोचला, पाइप त्याच्या हातातून हिसकला आणि सरळ, तिथेच गल्लीच्या तोंडाशी आमच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या मोटारीत सोडला. मी दात घासत होते. तोंडातली पेस्ट तशीच ठेवून धावले.

“मुक्ताबाई, ही मोटार आहे!”

“व्हय वन्सं, आन रिकामी हाय.”

“परवा रंग दिलाय आतून!”

“तर मग पियाला न्हाई घेत. जनावरं, भांडी, धुणं. शहादेवा, बघतूस काय बे, धर तिकडून!” (शहादेव तुझा नोकर आहे. त्याने तुझ्या बायकोचं ऐकलं. त्याच्या जागी मी असते तर मीही ऐकलं असतं.)

मी म्हटलं, ज्यांची मोजणीत नावं नाहीत त्यांच्यासाठी तहसीलला अर्ज करू, मी मसुदा करून देते. ती म्हणाली, “करा. पर तवर? कुलपाला पानी लागत न्हाई वन्सं, मान्साला लागतं.”

सुंदरराव, ही बाई चौथी शिकलेली. मी तिच्यावर तीस वर्षं टीका करत आले, आणि त्यातली निम्मी टीका योग्य होती. (तिच्या चहात साखर फार असते.) पण ज्या आवाजात ती काल गल्लीला रांग लावत होती, तो आवाज माझ्याकडे असता तर जिल्ह्यात एकही सोसायटी बुडाली नसती. “साखराबाई, तुजी घागर दोनदा आली, मला दिसतंय. रुक्मिणीबाई, तुमी म्होरं या, तुमच्या घरात बाळंतीण हाय.” मोटार रिकामी झाली तेव्हा बुडावर तांब्याभर पाणी उरलं होतं. तेही तिने तुळशीला घातलं.

तरीही तक्रार ती तक्रार. सीटांचं चामडं ओट्यावर पडून आहे, गालिचा अजून शिवायचा आहे, वरातीला तीन आठवडे उरले आहेत आणि तुझ्या मुलाची मोटार हौद झाली आहे. याला जबाबदार तुझं कुटुंब आहे. तेव्हा कुटुंबप्रमुख म्हणून तू माझी लेखी माफी मागावीस अशी माझी मागणी आहे.

तुझी मोठी बहीण,
सुभद्रा

ता. क. – मुक्ताबाईला फोनवर या बाबतीत एक अक्षर बोललास तर गाठ माझ्याशी आहे. ती आत्ता माझ्या शेजारीच बसली आहे आणि “लिवा, लिवा, आनकी लिवा” म्हणते आहे.

ता. क. दुसरा (गुरुवार, दि. ७) – माफीचं जाऊ दे. टँकर गल्लीत वळत नाही, हे वर लिहिलंच आहे. मोटार वळते, आणि इंजिन कारखान्याच्या वर्कशॉपने आधीच चालू करून दिलं होतं. आज सकाळी ती भरून मी स्वतः शेवटच्या घरापर्यंत नेली. सीट नाही म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले, घोट्यापर्यंत पाय पाण्यात, पहिल्या गिअरमध्ये. वळणावर थोडं सांडलं. ते माझ्या चालवण्यामुळे. बंकटच्या जोडातून थेंब गळला नाही. छबुबाईला गुडघ्यांमुळे गल्लीच्या तोंडाशी येता येत नाही, म्हणून महिनाभर शेजारी देतील तेवढ्यावर ती राहत होती. तिच्या दारात मी हॉर्न वाजवला. ती बाहेर आली, मोटारीत बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, आणि म्हणाली, “मास्तरीण, तुमी पाय धुतलेत नव्हं?” (मी ऑडिटर होते, हे या गावाला कधी कळणार?) मग तिने पाहुण्याला बोलवावं तशी म्हशीला हाक मारली, आणि म्हैस माझ्या मोटारीत तोंड घालून पाणी प्यायली. एवढ्या वर्षांत या गाडीत बसलेल्या कुणाचंच इतकं समाधान झालेलं मी पाहिलं नाही.

ता. क. तिसरा – कारखान्याचा दुसरा टँकर लग्नासाठी राखून ठेवला आहे, रोज मैदानावर सडा मारायला आणि पाहुण्यांसाठी, असं उत्तरेश्वरच्या तोंडून आत्ताच निघालं. (त्याला वाटलं मला माहीत आहे. चेहऱ्यावरून मला सगळं माहीत असल्यासारखं वाटतं, हा खात्याचा शिक्का आहे.) तो टँकर उद्यापासून या गल्लीला लागला पाहिजे, आणि गल्लीच्या शेवटाला छबुबाईच्या दाराशी एक पक्की टाकी. धुरळा उडाला तर वऱ्हाडी शिंकतील, मरणार नाहीत. टाकी बसली की त्याच दिवशी बंकट बुडाची भोकं मोकळी करील, सीटा चढतील, आणि माझा भाचा राजासारखा मिरवेल. मी स्वतः चालवीन. नाहीतर मोटार खेपेवर असेल, आणि राधाकिशनने मांडवात चालत जावं. त्याचे पाय चांगले आहेत.

कबूल असल्याचं उत्तर, तुझ्या सहीचं आणि कारखान्याच्या गोल शिक्क्याचं, सोमवार दि. ११ एप्रिल रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. लेखी. फोन करू नकोस. टँकर आल्यावर माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात.