सुमेधाच्या हातचं पत्र

पिंपरी, १२ जानेवारी १९७८

पद्माताईस धाकट्या मधूचा नमस्कार.

मी मजेत आहे. डोळ्यांनी दिसत नसलं तरी कॉलेजात माझं काही अडत नाही. वर्गातली सुमेधा ग्रंथालयात रोज तासभर धडे वाचून दाखवते. हे पत्रही मी सांगतोय नि तीच लिहितेय.

यंदा कासारवाडीचा रियाज आलाय. त्यालाही दिसत नाही, म्हणून माझ्या तासातला अर्धा तास आता त्याला. माझी काही तक्रार नाही.

परवा संमेलनात त्याने पेटी अप्रतिम वाजवली. स्टेजवर त्याला सुमेधाने हात धरून नेलं. माझ्या भाषणाला मला शिपायाने नेलं.

आईचा गुडघा कसा आहे?

ताई, वर 'अप्रतिम' लिहिलेलं असेल तर तो शब्द सुमेधाचा. मी 'बरी' म्हणालो होतो, पण तिचं पेन फार वेळ चाललं.

तुझा मधू