उरलेलं पाव मीटर

प्रिय बाबा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन्हींत खाडाखोड झाली आणि तुम्हाला खाडाखोड खपत नाही. कापडावर खडूची एक रेघ चुकली तरी म्हणायचात, "मापाड्या, तीनदा मोजून चौथ्यांदा चुकतोस." मी ठीक आहे. गणवेशांच्या कारखान्यात दिवसभर फक्त कॉलर लावतो. इथे पुरता सदरा कुणाच्याच हातून होत नाही. बाही लावणारा वेगळा, काजं करणारा वेगळा. माझ्या खोलीत खिडकी एक, खुर्ची एक. भिंतीपलीकडचा गवंडी खोकला की बरं वाटतं, कुणीतरी आहे म्हणून. रविवारी चर्चला जातो. उपासना संपली की सगळे हात हातात घेऊन विचारपूस करतात, मग आपापल्या घरी जेवायला जातात.

दोन वर्षं झाली, तरी तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. गिऱ्हाइकाला पाव मीटर जास्त कापड आणायला सांगायचं आणि उरलेलं ठेवून घ्यायचं, ही आजोबांपासूनची आपल्या दुकानाची रीत. त्याच तुकड्यांचे माझे लहानपणीचे सदरे झाले, खिसा एका घरचा, कॉलर दुसऱ्या घरची. तसलाच सदरा घालून मी आईजवळ बसून दहा आज्ञा बोटांवर मोजायला शिकलो. मोठा झालो आणि आठवी, चोरी न करण्याची, घशात अडकली. शिक्षिकाबाईंच्या कोटाचं उरलेलं कापड मी गुपचूप घडी करून कोटाच्याच खिशात घातलं. कापड परत मिळालं म्हणून त्या भर दुकानात तुमचे आभार मानायला आल्या. बाकावरची गिऱ्हाइकं आधी एकमेकांकडे, मग तुमच्याकडे बघायला लागली. न्हावीकाका म्हणाले, "काय हो मास्तर, मग माझ्या तीन पँटींचं काय?" सगळे हसले. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. संध्याकाळी एवढंच बोललात, "देवाचं ऐकलंस, बरं केलंस. बापाला आधी सांगायला तोंड नव्हतं?" आई असती तर मध्ये पडली असती. मी बॅग भरली.

कापड परत केल्याचं आजही वाईट वाटत नाही, बाबा. खोटं कशाला लिहू? पण तुमचा तो प्रश्न कॉलर लावताना रोज ऐकू येतो. आधी समोर बसून बोललो असतो तर तुम्ही रागावला असता, कदाचित कात्री आपटली असती, पण ते आपल्या दोघांत राहिलं असतं. मी भ्यालो, तुमच्या पाठीमागे केलं, आणि माझ्या भित्रेपणाला देवाचं नाव दिलं. आठवी पाळायच्या नादात पाचवी, आईबापाचा मान राखायची, चारचौघांत उसवली.

परवा तुमचं पार्सल आलं. पांढरा सदरा, आणि खिशात घडी घातलेला उरलेला तुकडा. चिठ्ठी नाही. हा टोमणा की आणखी काही, ते मला कळलं नाही. टोमणा असला तरी चालेल. पण सदरा अंगात घातला तर डावी बाही दोन बोटं आखूड. तुमच्या हातची. मी टेप लावून तीनदा मोजली. बाबा, तुम्हाला नीट दिसेनासं झालंय ना? कधीपासून? त्या तुकड्यातून बाही वाढवता आली असती. वाढवली नाही. तसाच घालून चर्चला गेलो आणि विचारलं त्याला सांगितलं, वडिलांनी शिवलाय. आता शनिवारी घरी येतो आहे, कायमचा. माप तुम्ही सांगा, कात्री मी धरतो. पण पाव मीटर जास्त मी कुणाकडे मागणार नाही. पटत नसेल तर दारातच उभं करून बोला, मी ऐकून घेईन, पण परत जाणार नाही. येऊनही हे सांगता आलं असतं. या वेळी तुम्हाला आधी सांगायचं होतं.

तुमचाच,
मापाड्या