वार्निश वाळायच्या आधी

वलगाव, शुक्रवार

तीर्थस्वरूप देवीदासमामांस,

भाचा बंडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना आराम पडावा आणि मामीच्या हाताचं बळ (तोंडाचं आहेच) टिकून राहावं, म्हणून मारुतीरायाला रोज सांगतो. फोनच केला असता, पण तुम्ही फोन लगेच मामीच्या हाती देता, आणि मग गोष्ट संध्याकाळपर्यंत अकोलाभर होते. आमच्या शेजारचा प्रीतम उद्या सकाळी तिकडे निघतो आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो.

आमचे भगवंतराव आठवतात ना, जन्मभर जहाजावर नोकरी केलेले? त्यांनी मुंबईहून एक जुनी शिडाची नाव ट्रेलरवर घालून आणली आणि गोठ्याशेजारी निंबाखाली उभी केली. (बैल अजून तिच्याकडे पाठ करूनच कडबा खातात.) ती धरणावर चालवायची म्हणतात. तिच्या पोटात एक सागवानी खोली आहे: झोपायचे बाक, कपाटं, उतरायच्या पायऱ्या. जुनं वार्निश काळं पडून कांद्याच्या सालीसारखं सुटलेलं. "देवीदास मिस्त्रीचा भाचा म्हणजे पाहाले नको," असं म्हणून त्यांनी काम माझ्यावर सोपवलं आणि तिथूनच माझी झोप गेली. मी देवळांची दारं केली, पालख्या केल्या. पण त्यांना कधी पाण्यावर तरंगायचं नव्हतं.

मामा, नावेत काटकोन नावाची वस्तूच नाही. कोन तपासायचा तुमचा गुण्या कुठेही टेकवा, डुलतो. आधी वाटलं, करणारा पिऊन बसला असावा. मग लक्षात आलं, माशाच्या पोटात तरी काटकोन कुठे असतो? (देवाचं पाहून माणूस शिकला की काम थोडं वाकडंच दिसतं.) सगळं वार्निश खरवडलं, पॉलिश पेपर मारला, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत बाहेर स्तोत्र म्हणत बसलो. आज सकाळी शेवटचा हात दिला. वाकून पाहिलं तर बाकात माझाच चेहरा दिसला. तेव्हाच शंका आली. इतकं चांगलं आपल्या हातून होत नसतं.

दुपारी आभाळ भरून आलं. अंगणात वेचून आणलेला कापूस उघडा, घरातल्या खोल्या छतापर्यंत भरलेल्या. भगवंतराव मुंबईला शीड आणायला गेलेले. त्यांच्या घरच्या माणिकबाई ओरडल्या, "बंडूभाऊ, उभे काहून राहिले? कापूस भिजून राहिला ना!" आता तुम्हीच सांगा, कापसाच्या दिवसांत कोरडी रिकामी खोली दिसली की आपल्याकडे कोणाचे हात थांबतात? लक्ष्मी अंगणात भिजणार आणि मी लाकडाची राखण करत बसणार? मीच नावेचं दार उघडलं, मीच "आत टाका" म्हणालो, पहिलं गाठोडंही मीच ओतलं. दुसरं ओतताना वार्निश आठवलं. तोवर मागे बायांची रांग लागली होती.

पाऊस चार थेंब टाकून निघून गेला. कापूस बाहेर काढला, पण सगळा निघाला नाही. भिंती, बाक, कपाटं, साऱ्यांना मेंढीसारखी लोकर आली आहे. हात लावला तर ऊब लागते. रविवारी भगवंतराव जहाजावरच्या सोबत्यांना घेऊन नाव पाहायला येतात. मला बोलले तर ऐकून घेईन, पण "मामानं हेच शिकवलं का?" असं विचारतील, याची धास्ती आहे.

तुम्ही या वयात दगदग करू नये. केवळ कळवलं.

तुमचा
बंडू

ता. क. तुमचं खरवडायचं रुंद पातं घेऊन पहिल्या एसटीनं याच. मामीला देवदर्शनाला जातो म्हणा. आपण मारुतीला जाऊन येऊ, म्हणजे खोटं होणार नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवतच होतो, तर भगवंतराव दारात. शीड लवकर मिळालं म्हणून एकटेच पुढे आले. थेट नावेत उतरले. मी पायऱ्यांशी हात जोडून उभा. मग आतून म्हणाले, "बंडू, कापसाले पाणी तं नाही लागलं ना?" मी म्हटलं, नाही. "मंग झालं. हे खरडू पुन्हा." जन्म समुद्रावर गेला, पण माणूस वलगावचाच राहिला.

तरी तुम्ही याच. आभाळ पुन्हा भरून आलं आहे, आणि माणिकबाई नावेच्या दाराकडे पाहून राहिल्या आहेत.