चाळीतला कांदा आणि पोटावरची चरबी

१२ मे २००६, देवळा

यांची शुगर वाढलीय. लेक वैशू डॉक्टरकी शिकते, सुट्टीला आलीय. आज बापाला समजावत बसली. पोटावर चरबी फार साठली की तिला सूज येते, मग अंग इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणे. हे हसले, "चरबीला कसली सूज?"

मला राहवलं नाही. "साठवणीच्या चाळीत कांदा ठासून भरला की हवा खेळत नाय. मधला सडतो अन् शेजारचाही नासवतो. तसंच ना गं?"

"अगदी तसंच, आई!" तिने माझं वाक्य वहीत उतरवलं. सातवी शिकलेल्या बाईचं वाक्य, डॉक्टरकीच्या वहीत! खरंच बरोबर बोलले ना मी? वहीत आहे म्हणजे असणारच.

जेवताना यांनी तिसरी भाकरी परत केली. "राहू दे. हवा खेळू दे जरा."