विहीणबाईंनी सुचवलेली ढाल

विहीणबाई, त्या खेळात शिरून मला पंधरा दिवस झाले आणि तेवढ्यात मला रानडुकरांनी चौदा वेळा, विंचवांनी नऊ वेळा आणि एका बेडकाने एकदा ठार मारलं. बेडकाने! आणि हे सगळं कुणामुळे, तर तुमच्यामुळे. 'ढालवाली व्हा, नवख्या माणसाला तेच सोपं' असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, आणि 'सोपं'खाली दोनदा रेघ ओढलीत. स्वतः मात्र वैद्य होऊन पांढऱ्या झग्यात झाडाखाली उभ्या. ढालवालीचं काम म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून सगळ्यांच्या वाटचा मार खायचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते मला डुकराने सांगितलं.

तक्रार लिहून झाली, आता नमस्कार. तुम्ही माझ्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठ्या (तुम्ही दीडच सांगता, पण सोयरीक जुळताना मी दाखला पाहिला होता), तेव्हा वाकूनच करते, गुडघा वाकेल तितका. तुमची तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र घालता का, की अजून डबीतच ठेवलंय? मी बरी आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या महिन्यात काढायचाय, त्याचं खाली येईलच. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही, मग आपलं बोलणं अख्खा जिना ऐकतो. आणि हे बोलणं जिन्याने ऐकायचं नाही. शुद्धलेखनाचं म्हणाल तर मी चौथी पास, तीही बाईंना दया आली म्हणून. तुम्ही मास्तरीण होतात, घरात लाल पेन असेलच, सुधारून घ्या.

तर आपली भिंगरी. माझ्या लेकीची, तुमच्या लेकाची, दोन घरांत मिळून एकच नात. मोठ्या शहरात मोठ्या नोकरीला गेली तेव्हापासून फोनवर 'जेवलीस का' आणि 'झोपलीस का' यापलीकडे आमचं काही होत नव्हतं. मागच्या महिन्यात एकदम म्हणाली, "आजे, तू आमच्या खेळात ये. मोठी आजी आलीये. आपण तिघी मिळून राक्षस मारू." मोठी आजी आधीच आलीये हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. कुठलंही ठिकाण असो, तुम्ही तिथे आधी जाऊन खुर्ची धरलेली असतेच. (लग्नात पहिल्या रांगेत पंख्याखाली कोण होतं? असो.)

सुनेने लेकाचा जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाच्या कडेला मांडून दिला आणि खेळ उघडला. पहिल्याच पानावर विचारतात, तुम्ही कोण होणार. तिरंदाज, वैद्य, जादूगार, ढालवाली आणि चोर. विहीणबाई, चोर! उघडपणे, चित्रासकट, कमरेला तीन पिशव्या लटकवलेल्या! मी तयार कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं बायकांची झडती घेतली. पोटाला गुंडाळलेलं कापड, डब्यात भाताखाली दडवलेली बटणं, एकदा तर अंबाड्यात लेसचं अख्खं बंडल, हे सगळं या हातांनी काढलंय. पण 'मी चोर होणार' असं फाटकावर सांगून आत शिरलेली बाई मला कधी भेटली नाही. सून म्हणाली, जादूगार व्हा, हातातून आग निघते. म्हटलं, आग निघाल्यावर ओटा कोण पुसणार? वैद्य व्हावं असं क्षणभर मनात आलं, तर तिथे तुम्ही. एका घरात दोन वैद्य झाले की रोग्याचं काय होतं ते भिंगरीच्या गोवराच्या वेळी आपण पाहिलंय.

राहिली ढालवाली. तिच्या नावाखाली हिरव्या अक्षरात 'नवख्यांसाठी सोपे' लिहिलेलं. आमच्या कारखान्यात ज्या कामाला 'सोपं' म्हणत ते म्हणणारा कधी स्वतः करत नसे. तुमच्या पत्रातही 'सोपं' आणि तिथेही 'सोपे', म्हणजे दोघांनी आधी ठरवलेलं असणार अशी मला तेव्हाच शंका आली. तरी घेतली. मग तोंड निवडायला सांगतात. सगळ्या पोरी विशीतल्या. पांढरे केस मिळतात, सुरकुत्या मिळत नाहीत. आणि अंगावर काय, तर लोखंडी चोळी आणि पोट उघडं! ज्याने ती शिवली त्याला आयुष्यात कुणी मारलेलं नसावं.

आता माझी चूक सांगते, तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी. गावात उतरले तर समोर फाटक. सताड उघडं. लोक पाठीवर गाठोडी टाकून येताहेत, जाताहेत, विचारणारं कुणी नाही. एक शिपाई भाला घेऊन उभा, पण त्याला काहीही विचारा, एकच वाक्य बोलतो, 'प्रवासी, रानात जपून जा.' (असे शिपाई मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत.) माझ्या हातात ढाल, समोर मोकळं फाटक. मी समजले की माझं काम हेच. तीन दिवस सकाळ-दुपार मी त्या फाटकात उभी राहिले, विहीणबाई, हललेसुद्धा नाही. लोकांना वाटलं मी खेळातलीच कुणी बाहुली आहे. एक भला माणूस समोर येऊन म्हणाला, बाई, मला काही कामगिरी द्या. सुनेकडून टाइप करून घेतलं, 'आधी केस विंचरून ये.' दुसऱ्या दिवशी विंचरून आला! एवढं ऐकणारा माणूस माझ्या स्वतःच्या घरात नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला हसू आवरेना, तेव्हा तिने सांगितलं, आई, तुम्हाला बाहेर जाऊन मारामारी करायची आहे.

पण ते तीन दिवस फुकट गेले नाहीत. मी फाटकावर उभी राहिले की कोण कधी गेलं हे माझ्या डोक्यात आपोआप बसतं, मोतीबिंदू असो नाहीतर नसो. मंगळवारी सकाळी अकराला आपली तिरंदाज, म्हणजे भिंगरी, फाटकातून बाहेर गेली. बुधवारी साडेदहाला. गुरुवारी पुन्हा अकराला. भिंगरीची कचेरी नऊ ते सहा. आणि तिची आई तर सांगते की पोरीला मान वर करायला फुरसत नाही. मी म्हटलं, मिळाली असेल सुट्टी. पण सुट्टी मिळालेलं माणूस ते सांगतं. न सांगितलेली सुट्टी मी एकतीस वर्षांत पाहिली नाही.

दुसरी गोष्ट. तिरंदाज चालायची तेव्हा तिच्या शेजारी तुमची वैद्य खांबासारखी उभी. वैद्य पावलं टाकू लागली की तिरंदाज खांब. दोघी मिळून कधी चालल्याच नाहीत. आधी मला वाटलं, माझ्यामागे तुमच्या खाणाखुणा चालल्यात. ढाल मला देऊन पुढे ढकलायचं आणि मागे दोघींनी गुलुगुलु बोलायचं, असा तुमचा डाव. खरं सांगते, चार दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात फार वाईट बोलले. ते परत घेत नाही, जपून ठेवते, पुढे लागेल.

मग परवाचा रविवार. दुपारी चारला आपण गुहेत गेलो, तो दगडी राक्षस मारायला. तोपर्यंत मला माझं एक बटण फार आवडू लागलं होतं. दाबलं की ढालवाली शत्रूला टोमणा मारते, आणि तो बाकी सगळ्यांना सोडून तिच्यावरच धावतो. सून म्हणाली, हे नवख्यांना शिकायला वेळ लागतो. मला लागला नाही. राक्षस भिंगरीकडे वळला की मी टोमणा मारायची, की आलाच माझ्याकडे, डोळे लाल करून. माझं रक्त दाखवणारी पट्टी बोटभर उरली. तेवढ्यात वैद्याने तीनदा, डोळ्याचं पातं लवण्याआधी, मला बरं केलं, आणि पडद्यावर वैद्याच्याच डोक्यावर अक्षरं उमटली: "आजे, मागे सर! आजे!"

विहीणबाई, तुम्ही मला गेली अठ्ठावीस वर्षं 'अहो विहीणबाई' म्हणता, तेही नाक वर करून. मला 'आजे' म्हणायचं तुमचं वय नाही आणि नातं तर नाहीच. आणि तुमची बोटं? मागच्या भेटीत तुम्हाला ब्लाउजचा हुक लागेना, मी लावून दिला. त्या बोटांनी तीनदा, पातं लवण्याआधी?

मी मागे वळून पाहिलं. ढालवालीने वळायचं नसतं. (राक्षसाने तेवढ्यात माझी पोळी केली.) पण मरता मरता मला दिसलं. तिरंदाज गुहेच्या भिंतीकडे तोंड करून उभी, धनुष्य खाली, जशी तिला सोडून कुणी घाईघाईने दुसरीकडे गेलंय.

भिंगरी तुमच्या घरी आहे, जिथे माझी लेक आणि तुमचा लेक फक्त सणाला फिरकतात. तिने नोकरी सोडलीये किंवा नोकरीने तिला सोडलंय, काय ते तिचं तिला ठाऊक. तुमच्या त्या आतल्या खोलीत दोन यंत्रं मांडून ती दोघींचं खेळते, आणि तुम्ही शेजारी बसून चहा पिता. बरोबर की नाही? हे पत्र मोठ्याने वाचत असाल तर इथे थांबू नका, तिलाही ऐकू दे.

का लपवलं ते मी विचारत नाही. ते मला कळतं. तिची आई, म्हणजे माझी लेक, पोरीच्या नोकरीचं कौतुक जिन्यात सांगते, बाजारात सांगते, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनसुद्धा सांगते. तिच्यासमोर उभं राहून 'नाही जमलं' म्हणायचं, तर त्यापुढे दगडी राक्षस बरा. ती माझ्याकडे न येता तुमच्याकडे का आली, तेही मी विचारत नाही. (विचारतेच आहे.) पण उत्तर मला ठाऊक आहे. पोर शाळेतून माझ्याकडे यायची तेव्हा मी तिच्या दप्तरात हात घालायचे. नोकरीची सवय, घरीही सुटली नाही. माझ्या दारातून आत यायचं तर पिशवी उघडावी लागते, आणि तुमच्या दारातून आत गेलं की पाणी मिळतं. एवढं मी तुमचं मान्य करते. पुन्हा करणार नाही, तेव्हा हा कागद हवा तर ठेवून द्या.

मी कुणाला काही बोलले नाही. सुनेने विचारलं, आई, तोंड का असं केलंत? म्हटलं, बेडूक आठवला.

तुमची,
पुढे उभी केलेली विहीण

ता. क. माझा डोळा पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला काढणार आहेत. (मोतीबिंदू, डोळा नव्हे, सुधारून घ्या.) त्यासाठी माझी लेक पाच तारखेलाच इथे येऊन राहतेय. तुम्हीही या, विहिणीला बघायला आल्या म्हणून, आणि येताना भिंगरीला घेऊन या. तिने काही बोलायचं नाही, माझ्या मागे उभं राहायचं. लेक तोंड उघडेल तेव्हा मी टोमणा मारीन. चांगला तयार आहे. या बाईसाहेबांनी स्वतः वयाच्या एकोणिसाव्या वर्षी टायपिंगचा क्लास सोडला होता आणि सहा महिने रोज पिशवी घेऊन मैत्रिणीच्या घरी जाऊन बसायच्या. झडती घेणाऱ्या बाईच्या घरात राहून! मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पिशवीत टाइपरायटरच्या रिबनीचा डाग कसा नाही म्हणून. बोलले नाही. तेहतीस वर्षं ठेवलंय. आता निघेल, आणि ती पोरीला सोडून माझ्यावर धावेल, डोळे लाल करून. धावू दे. एका डोळ्याला पट्टी असेल, अर्धंच दिसेल. माझं झालं की तुम्ही पुढे होऊन दोघींना काय ते गोड बोला. वैद्य तुम्ही आहात.

दुसरा ता. क. आली की मी तिची पिशवी उघडणार नाही. शब्द देते. (बाहेरून दाबून बघीन.)

तिसरा ता. क. सून म्हणतेय, हवं तर आता माझा धंदा बदलून मिळेल, जादूगार करता येईल. नको म्हणून सांगितलं. तुम्ही ढाल मला मार खायला दिलीत की सुचवायला दुसरं कुणी शेजारी बसलं होतं, याचा मी अजून विचार करतेय. 'सोपं'च्या खालच्या त्या दोन रेघा सरळ आहेत, विहीणबाई, आणि तुमचा हात कापतो.

तेव्हा या पत्राचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. ज्या हाताने त्या रेघा ओढल्या त्या हाताने द्यायचं, आणि 'आजे'पासून सुरू करायचं.